तिसऱ्या मजल्यावरचा अभिप्राय

माझ्या आईने एकोणीस वर्षं परक्या माणसांचे बिछाने घातले. पण पैसे देऊन हॉटेलच्या बिछान्यावर ती पहिल्यांदा झोपली ती वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि तेही त्याच इमारतीत.

हे काही ठरवून झालं नाही. दर वर्षी छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, आम्ही दोघी हफेइहून आनछिंगला जातो. बाबांची कबर तिथे शहराबाहेरच्या टेकडीवर आहे. सकाळच्या गाडीने जायचं, कबरीवरचं गवत उपटायचं, कागदी नोटा जाळायच्या, बाबांच्या नावाने घोटभर दारू मातीत ओतायची आणि संध्याकाळी परत. त्या वर्षी मी तिकिटं काढायला उशीर केला. जायची मिळाली आदल्या दुपारची आणि यायची मिळाली दुसऱ्या दिवशीची. म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम आला. नातेवाइकांकडे राहायला आई तयार नव्हती. "सणाला कोणाच्या दारात उभं राहायचं नाही," म्हणाली. मी फोनवर स्वस्तातली हॉटेलं बघत बसले. एका फोटोशी माझं बोट थांबलं. नदीकडे तोंड केलेली चार मजली इमारत, कोपऱ्यावर जिन्याची गोल खिडकी. रंग तेवढा पोपटी लावलेला.

मी फोन आईपुढे धरला. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"ही आमचीच," ती म्हणाली. "रंग कोणी लावला हा? कोबीसारखा दिसतोय."

"एकशे एकोणतीस युआन एका रात्रीचे. घेऊ?"

"आमच्या वेळी दीड युआन होता. त्यात गरम पाणी." थोडं थांबून म्हणाली, "घे. तिसऱ्या मजल्यावर मिळतेय का बघ."

बंदराचं अतिथिगृह म्हणायचे तेव्हा त्या इमारतीला. वुहानहून खाली शांघायला जाणाऱ्या आणि शांघायहून वर येणाऱ्या बोटी आनछिंगच्या धक्क्याला लागायच्या. बोट चुकलेले, बोटीची वाट बघणारे, नाहीतर गावात काही काम असलेले असे सगळे आमच्याकडे उतरायचे. आपापल्या कारखान्याचं ओळखीचं पत्र दाखवायचं, नाव लिहायचं आणि जिन्याने वर जायचं. आई तिसऱ्या मजल्यावर होती. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला. पाहुण्याला किल्ली मिळतच नसे. दर वेळी आईला हाक मारायची आणि ती येऊन दार उघडणार. तिच्या चालण्याचा आवाज म्हणजे किल्ल्यांचा आवाज. मी शाळेत जायला लागायच्या आधी सगळा दिवस त्याच मजल्यावर असायचे. चादरींच्या कोठीत घडी केलेल्या रजयांच्या थप्पीवर मला दुपारी झोपवायची, आणि डोळे मिटल्यावर किल्ल्या कोणत्या खोलीपर्यंत गेल्या ते मी आवाजावरून ओळखायचे. सोड्याच्या साबणाचा वास, उन्हात वाळलेल्या कापसाचा वास आणि मधूनच खिडकीतून येणारा कोळशाचा धूर. बोटीचा भोंगा वाजला की आई हातातलं काम न थांबवता म्हणायची, "वरची आली. आज अर्धा तास उशीर." कधी चुकायची नाही.

एकदा आठ दिवस एक नाटक मंडळी उतरली होती. रोज सकाळी सातला धुण्याच्या मोरीत सगळे एका रांगेत उभे राहून गळा साफ करायचे. शिवणयंत्राच्या सुया विकणारा एक माणूस वर्षातून चारदा यायचा. तो मला चॉकलेटचा चंदेरी कागद द्यायचा, चॉकलेट कधीच नाही. आई म्हणायची, "चॉकलेट तो स्वतः खातो. कागद दिला हेच पुष्कळ."

अठ्ठ्याण्णव साली अतिथिगृह बंद झालं. बोटींचे प्रवासी तेव्हा कमी कमी होत गेले होते. गाड्या आल्या, मोठे रस्ते आले, आणि नदी मालाच्या बार्जांना राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. खाली जिथे पूर्वी ज्यांग साहेबांचं टेबल असायचं तिथे आता काचेचा काउंटर होता. ज्यांग म्हणजे तेव्हाचे अतिथिगृहाचे प्रमुख. काउंटरमागे पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती. छातीवरच्या पट्टीवर 'व्यवस्थापक थान' असं लिहिलेलं. तिने फोनवर नजर ठेवूनच ओळखपत्रं यंत्रात घातली, आमचे चेहरे कॅमेऱ्याला दाखवले आणि एक पत्रक पुढे सरकवलं. खोलीतल्या टेबलावरचा कोड फोनने वाचा, आमच्याबद्दल पाच तारे द्या, आणि फळांची बशी मिळवा.

"पाचच का?" आईने विचारलं.

"आजी, पाच म्हणजे पाहुणा खूश."

"आणि खूश नसला तर?"

थान हसली. "तर मला सांगायचं, कोडाला नाही."

जिना तोच होता. पायऱ्यांच्या कडा मधोमध झिजलेल्या, कठडा मात्र स्टीलचा. आई तीनदा थांबली. दम लागला म्हणून थांबते असं तिने दाखवलं, पण दर वेळी तिचा हात भिंतीवर होता.

खोली तीनशे नऊ. दार उघडून आई उंबऱ्यातच उभी राहिली आणि नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे, मग वर, मग खाली. ही नजर मला माहीत होती. लहानपणी माझ्या दप्तरावर फिरायची तीच.

"आई, आपण पाहुणे आहोत."

"मी कुठे काय म्हणतेय?"

तिने पिशवी ठेवली आणि चादरीची कड उचलली. दाराकडून दिसणारी बाजू गादीखाली नीट खोचलेली होती. भिंतीकडची नुसती सोडून दिलेली. मग ती हळूहळू गुडघ्यांवर बसली आणि पलंगाखाली डोकावली. धूळ, केसांची एक पिन आणि कोणाचा तरी सुकलेला मोजा. टॉवेल नाकाशी नेला. दोन कपांपैकी एक उजेडात धरला. काठावर लाल ओठ उमटलेले.

"खिडकी चांगली आहे," ती शेवटी म्हणाली. "उघडते. आणि गादी कडक आहे, पाठीला बरी."

खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहिलं की नदी दिसत होती. आई बराच वेळ तिथे उभी होती. वाळूचा एक बार्ज संथपणे खाली चालला होता. तो दिसेनासा होईपर्यंत तिने पाहिलं, मग वळून चादर पूर्ण काढली आणि बिछाना पुन्हा घातला. चारही कोपरे लिफाफ्यासारखे दुमडून.

संध्याकाळी खाली कोपऱ्यावर कोंबडीच्या रश्शात तिथला भाजका भात, कोरडा कुरकुरीत, घालून खाल्ला. परत आल्यावर आईने टेबलावरचा तो कोड दाखवला. "हे काय, लिहायचं असतं ना? लिही. मी सांगते."

मी फोन काढला. ती खुर्चीत ताठ बसली, हात मांडीवर, जणू सभेत बोलतेय.

"लिही. खिडकी उघडते. गादी कडक, चांगली. डावीकडून नदी दिसते. चादर फक्त दाराच्या बाजूने खोचलेली. पलंगाखाली धूळ, एक पिन, एक मोजा. टॉवेलाला ओल्याचा वास. दोनपैकी एक कप धुतलेला नाही. काउंटरवरची मुलगी नम्र आहे पण बोलताना फोनमधून डोकं वर काढत नाही. तिसरा मजला. तीन तारे."

"आई, तीन म्हणजे यांच्याकडे नापासच."

"पाचात तीन नापास कसे? बरं आहे म्हणजे बरं आहे."

"लोक पाचच देतात गं. कोणी खरं लिहीत नाही."

"मग वाचणाऱ्याला कळणार कसं? एका संत्र्याच्या फोडीसाठी मी खोटं बोलू?"

मी पाठवून दिलं. खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती.

सकाळी लवकर टेकडीवर गेलो. सणाची गर्दी होती, धुराने डोळे चुरचुरत होते. बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. आईने त्यांना सगळं सांगितलं, मोठ्यांदा. कोबीचा रंग, एकशे एकोणतीस युआन, नदी डावीकडून दिसते ते सुद्धा. शेजारच्या कबरीवरची माणसं आमच्याकडे बघत होती.

बाराच्या सुमाराला हॉटेलात परतलो. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला कोठीचं दार अर्धवट उघडं होतं. कोठी अजून कोठीच होती. आत थप्पीने चादरी आणि एका बुटक्या स्टुलावर पन्नाशीची एक बाई बसलेली. हातात डबा, पण खात नव्हती. गाल ओले होते. आम्हाला बघून ती धडपडत उठली.

"काही हवंय का मावशी? टॉवेल बदलून देऊ?"

"काही नको. जेव तू," आई म्हणाली. "काय झालं?"

"काही नाही हो."

"काही नाही म्हणून कोणी भातात रडत नाही."

तिचं नाव फांग. गाव ह्वाइनिंगकडचं. सहा वर्षं ती इथे सफाईचं काम करत होती. थोडे आढेवेढे घेत तिने सांगितलं. सकाळच्या बैठकीत थानने एक अभिप्राय वाचून दाखवला होता. तिसरा मजला, चादर, मोजा, टॉवेल, कप. मालक दुसऱ्या शहरात असतो, त्याला रोज सकाळी आकडे जातात. तीन तारे बघून त्याचा फोन आला. सोमवारपासून फांगला शहराबाहेरच्या धुलाईखान्यात पाठवायचं ठरलं होतं. तिथे दिवसभर उभं राहून काम, आणि जायला-यायला दोन बस.

"कोण होता तो पाहुणा, देव जाणे," फांग म्हणाली. "पलंगाखाली कोण बघतं हो हल्ली? गुडघे टेकून बघितलं असणार मेल्याने."

मी आईकडे बघायचं टाळलं. आईने दाराची चौकट धरली.

"मी," ती म्हणाली.

फांगला कळलं नाही.

"मी बघितलं. गुडघे टेकून. मीच लिहिलं ते."

फांगने डबा खाली ठेवला. आई आत येऊन त्या बुटक्या स्टुलावर बसली, न विचारता. एकदम म्हातारी दिसली मला ती.

"तुझ्याकडे खोल्या किती?" तिने विचारलं.

"सव्वीस. वरचे तिन्ही मजले. नववर्षाला दुसरी बाई गेली, तिच्या जागी कोणी आलं नाही."

"एकटीकडे सव्वीस?"

"खोलीला पंधरा मिनिटं धरतात. चादर, मोरी, आरसा, कचरा. तुम्हीच सांगा मावशी, पलंगाखाली कधी वाकू?"

आई मला म्हणाली, "बघ, येन. मी त्या नानजिंगवाल्यासारखं केलं."

मला लगेच समजलं. फांगला नाही, म्हणून मी सांगितलं.

मी तेव्हा सहा वर्षांची होते, पंच्याऐंशी सालचा उन्हाळा. जिन्याशेजारी खिळ्याला दोरी बांधून एक वही टांगलेली असायची, पाहुण्यांच्या सूचनांची. नानजिंगहून आलेल्या एका पाहुण्याने तीत लिहिलं, 'तिसरा मजला, थर्मासातलं पाणी कोमट, सेविका उद्धट.' दोन दिवसांनी जेवणघरात सगळ्यांना बसवलं आणि आईला पुढे उभं करून आत्मपरीक्षण, म्हणजे स्वतःच्या चुकीची लेखी कबुली, वाचायला लावलं. मी पहिल्या बाकावर होते, कारण मला ठेवायला दुसरी जागा नव्हती. त्या दिवशी बंबाचा कोळसा आलेला नव्हता. खालच्या मजल्यावरून थर्मास भरून आणावे लागत होते, एका वेळी चार, आणि मला ताप होता म्हणून ती मध्येच दोनदा कोठीत येऊन गेली होती. यातलं कोणी काही विचारलं नाही. तिने पण सांगितलं नाही.

"का नाही सांगितलंत?" फांगने विचारलं.

"पाणी कोमटच होतं," आई म्हणाली. "आणि उद्धटपण मी होतेच. काय खोटं लिहिलं होतं त्याने?" मग तिने मान वर केली आणि घसा साफ केला. "'मी, तिसऱ्या मजल्याची सेविका छू लान्फन, पाण्याच्या उष्णतेकडे दुर्लक्ष करून नदीवरून दमून आलेल्या प्रवासी बंधूंच्या विश्वासाला पात्र ठरले नाही. माझ्या मनात आळस शिरला होता, तो मी मुळासकट उपटून काढीन.'"

"तोंडपाठ आहे?" मी थक्क झाले.

"ज्यांग साहेबांनी चार वेळा लिहून घेतलं. आळस शब्द त्यांनीच घातला. मी 'घाई' लिहिलं होतं."

फांग हसली. रडून झाल्यावर येतं तसलं हसू, नाक वाहत असताना. आईसुद्धा हसली. मग तिने बाह्या वर सरकवल्या.

"किती राहिल्यात आज?"

"अकरा. पण मावशी..."

"ऊठ. येन, तू मोरीचं बघ. मी बिछाने घालते. कोपरा कसा घालायचा ते तुला दाखवते, फांग. एकदा नीट घातला की रात्रभर हलत नाही; तुझा वेळच वाचेल."

"मावशी, तुम्ही पाहुण्या आहात! कोणी बघितलं तर?"

"मग सांग, आजीला वेड लागलंय. पितरांच्या दिवशी लागतं."

त्या दुपारी आम्ही तिघींनी अकरा खोल्या केल्या. मी, हफेइच्या विमा कचेरीत बसणारी बाई, दुसऱ्याच्या केसांनी तुंबलेली जाळी साफ करत होते आणि बाहेरून आईचा आवाज येत होता. "हात फिरव. सुरकुती डोळ्याला दिसत नाही, हाताला कळते... टॉवेल ओले असताना थप्पी नको लावू, म्हणून वास येतो. दोन तास जिन्याच्या खिडकीत टांग, तिथे नदीचा वारा आहे. असायचा." फांग हळूच खिडकीपर्यंत गेली आणि ओरडली, "आहे हो मावशी, अजून आहे!"

काम करताना आई बोलत होती. एकदा एक जोडपं आलं होतं, लग्नाचा दाखला घरी विसरलेलं. नियम म्हणजे नियम, म्हणून तिने त्यांना दोन टोकांच्या दोन खोल्या दिल्या. मग सबंध रात्र ती मुलगी खोलीच्या दारात उभी राहून त्याच्याशी बोलत राहिली, अख्ख्या मजल्याच्या पलीकडून, आणि कोणालाही झोप आली नाही. नाटकमंडळीतल्या मुख्य नटीने जाताना आपली पावडरची डबी आईला दिली. आईने ती कधी लावली नाही, फक्त उघडून वास घ्यायची. हे मला आजवर माहीत नव्हतं. फांग मध्येच विचारायची, "मग?" आणि आई दुसरी चादर झटकून पुढे सुरू.

मला वाटतं, त्या दुपारी ती अठ्ठ्याण्णव सालाआधी कुठेतरी होती. तिच्या कमरेला किल्ल्या नव्हत्या एवढंच.

चार वाजता थान वर आली. कोणीतरी खाली सांगितलं असावं. तिसऱ्या मजल्यावर पाहुणी आजी गादी उचलताना बघून ती जागच्या जागी थांबली.

"आजी, हे काय चाललंय?"

आईने सगळं सांगितलं. थानने ऐकून घेतलं. फोन हातात होता, पण एकदाही बघितला नाही. मुलगी वाईट नव्हती. डोळ्यांखाली काळं होतं, आणि काम करता करता फांगने सांगितलं होतं की रात्रपाळीही तीच करते.

"आजी, सरळ बोलते," ती म्हणाली. "तुम्ही तो अभिप्राय काढून टाका. आत्ता. मी मालकाला सांगते, चूक झाली होती, पाहुण्याने परत घेतलं. फांगताई इथेच राहतील. मलासुद्धा त्यांना घालवायचं नाहीये."

"पण चूक कुठे झाली होती? मोजा होता."

"आजी!"

मी आईच्या दंडाला हात लावला. "आई, काढूया ना. एवढं काय त्यात? कोणाची तरी नोकरी आहे."

आयुष्यात तिने बोललेलं खरं कधी मागे घेतलं नव्हतं. माझ्या लग्नातसुद्धा सासूबाईंना तोंडावर सांगितलं होतं की बदक खारट झालंय. पण त्या क्षणी मला दिसत होतं, ती डगमगली होती. ती फांगकडे वळली.

"भाकरी तुझी आहे. माझ्या खरेपणाने तुझं ताट जायला नको. तू सांग. काढू म्हणालीस तर काढते, वर एक शब्द बोलणार नाही."

फांगने हातातला टॉवेल घडी केला. पुन्हा उलगडला. थान तिच्याकडे बघत होती, मी बघत होते.

"नका काढू," फांग म्हणाली.

"फांगताई!" थान.

"थान, दोन महिने मी तुला सांगतेय, दुसरी बाई आण. तू मालकाला सांगतेस. तो म्हणतो, तक्रार कुठे आहे? आता आहे ना तक्रार?" ती आईकडे वळली. "मावशी, काढू नका. पण त्याच्याखाली सव्वीस लिहा. सव्वीस खोल्या, एक बाई. आमचं कोणी ऐकत नाही, पाहुण्याचं ऐकतात."

थानने भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. "मला धुलाईखान्यात पाठवतील आता," ती म्हणाली, पण रागाने नाही.

"तुझंही लिहिते," आई म्हणाली. "दिवसरात्र एकच मुलगी. येन, घे फोन."

तिने कोठीच्या दारात उभ्या उभ्या सांगितलं आणि मी लिहिलं. 'काल लिहिलेलं खरं आहे. पण काल मी निम्मंच बघितलं होतं. तिन्ही मजल्यांवर सव्वीस खोल्यांना एकच बाई आहे. तिला खोलीमागे पंधरा मिनिटं मिळतात. मी या कामात एकोणीस वर्षं काढली, पंधरा मिनिटांत पलंगाखाली झाडून होत नाही. काउंटरवरची मुलगी दिवसाही असते आणि रात्रीही, म्हणून तिचे डोळे मिटतात. या दोघी चांगल्या आहेत. माणसं कमी आहेत. आज मी बिछाना घालून बघितला, गादी खरंच चांगली आहे.'

थान वाकून वाचत होती. "आजी, तारे तरी वाढवा. चार करा. एकच."

"टॉवेलाला अजून वास येतोय," आई म्हणाली. "तीनच."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा फांगने माझा नंबर घेतला आणि आईच्या हातात भाजक्या भाताची पिशवी कोंबली, घरचा होता. थान काउंटरवरून बाहेर आली आणि टॅक्सीपर्यंत पिशवी घेऊन आली. फळांची बशी मात्र मिळाली नाही. नियम म्हणजे नियम.

गाडीत आई खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "वाईट वाटतंय का?"

"भीती वाटतेय," ती म्हणाली. "त्या बाईचं काय होतं कोण जाणे. मी घरी जाऊन भात खाईन. ती तिथेच आहे."

आठ-दहा दिवस ती रोज संध्याकाळी विचारायची, काही आलं का फोनवर? हॉटेलचं ठरलेलं उत्तर तेवढं आलं. 'आदरणीय पाहुणे, आपल्या मौल्यवान शब्दांबद्दल आभार, आपले पुन्हा स्वागत करण्यास आम्ही उत्सुक आहोत.' आई म्हणाली, "हे ज्यांग साहेबांनी लिहिल्यासारखं वाटतंय."

अकराव्या दिवशी फांगचा आवाजी संदेश आला. सोमवारी ती धुलाईखान्यात गेली होती. आठवडाभर तिथे होती. मग मालक स्वतः आला. आईचा अभिप्राय वाचून खाली आणखी कोणी कोणी लिहिलं होतं, आमच्याही वेळी एकच बाई दिसली म्हणून. त्याने खूप आरडाओरडा केला, थानला सगळ्यांदेखत बोलला, आणि शेवटी दुसरी बाई घेतली. फांगला परत बोलावलं. "ही नवीन बाई मावशी, तिला कोपरा घालता येत नाही हो!" फांग तक्रार करत होती. "तीन वेळा दाखवला. नुसती कोंबते. मी म्हटलं, अगं हात फिरव, हाताला कळतं!"

आईने तो संदेश चारदा ऐकला. चौथ्या वेळी म्हणाली, "बिचारी थान. तिला ओरडा बसला." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. थानने पावसाळ्याआधीच नोकरी सोडली, असं पुढे कळलं. कुठे गेली ते फांगलाही माहीत नव्हतं. आईने तिच्याबद्दल बरेचदा विचारलं.

पुढच्या छिंगमिंगला तिकिटं वेळेवर मिळाली होती, तरी आम्ही एक रात्र राहिलो. हॉटेलात नाही. फांगने ऐकलंच नाही, ह्वाइनिंगजवळच्या तिच्या घरी घेऊन गेली. अंगणात कोंबड्या, मोहरीची पिवळी शेतं, आणि आमच्यासाठी काढलेली लग्नातली लाल रजई. बिछाना फांगने घातला होता, आणि आई खोलीत शिरली तेव्हा ती दाराशी हाताची घडी घालून उभी होती. आईने सगळीकडे नजर फिरवली. मग कोपऱ्यावरून एकदा हात फिरवला.

सकाळी फांग गरम पाण्याचा लोटा घेऊन आली.

"कशी झोप लागली मावशी?"

"उशी जरा उंच होती," आई म्हणाली.

फांग हसत सुटली. हसता हसता लोट्यातलं पाणी जमिनीवर सांडलं आणि वाफ उठली.

"आणि पाणी चांगलं कढत आहे," आई म्हणाली. "आण इकडे."